ओट्याला पाणी द्यावं, लिंबू नाही

पोरी, मिस्त्री पातळ माल मागेल. देऊ नको. सिमेंटचा ओटा बिघडतो तो बहुतेक वेळा घमेल्यातच, फर्म्यात पडायच्या आधी. पातळ माल थापीखाली आपोआप पळतो, मिस्त्रीची कंबर वाचते, काम लवकर उरकतं. पण सिमेंटला घट्ट व्हायला जेवढं पाणी लागतं त्याच्या वरचं सगळं पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जातं. त्याच पोकळ्यांतून पुढे तुझं तेल, हळद आणि केशोरीच्या मिरचीचं तिखट आत शिरणार. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आतच पाणी, हे धरून चाल. रेती ओली असली तर त्याहूनही कमी, कारण रेतीच्या अंगातलं पाणीही त्यातच मोजायचं. नळी थेट मालात सोडू देऊ नको, डब्यानं मोजून घाल. माल फावड्यावर उचलला तर ढीग राहावा, वाहू नये. मग तो ठोकून बसवावा लागतो, मिस्त्री कुरकुरतो. कुरकुरू दे, त्याला चहा जास्त दे.

मी उमेदीची वर्षं रेजा म्हणून माल कालवला, घमेली वाहिली, आणि नंतर स्वतःच्या घरात सिमेंटच्याच ओट्यावर रांधलं. म्हणून दोन्हीकडचं सांगते. मिस्त्री बांधून निघून जातो. ओट्याशी संसार त्याला करावा लागत नाही.

आपल्या गावांत उभ्यानं स्वयंपाक आला तो गॅससोबत. त्याआधी चूल जमिनीवर, बाई पाटावर, आणि ओटा म्हणजे घरासमोर बसायचा. आता घरकुलाच्या नियमातच २५ चौरस मीटर घर आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असते. तेवढ्या घरात स्वयंपाकाची जागा म्हणजे एक कोपरा, त्यातही भिंत कुठे तिरपी, कुठे खांब पुढे आलेला. अशा कोपऱ्यात फरशी कापून बसवण्यापेक्षा ओटा ढाळणं सोपं पडतं, तो जागेचाच आकार घेतो. शिवाय रेती, गिट्टी दारात पडलेलीच असते.

हिशेब सांगते. ८ फूट लांब, २ फूट रुंद, २ इंच जाड असा ओटा धर. त्याला सिमेंट लागतं ३० किलोच्या आसपास, म्हणजे एक पोतं फोडलं तरी उरतं. एक घमेलं सिमेंट, दीड रेती, तीन बारीक गिट्टी, हे माप. गिट्टी १० एमएमची, स्लॅबला वापरलेली मोठी नाही. मोठा खडा दोन इंचांत सळईखाली अडकतो आणि तिथं पोकळ राहतं. आणि एवढ्याशा ओट्याचं वजन भरतं १८० किलोच्या जवळपास. बाहेर अंगणात ढाळून मग आत उचलून न्यायची हौस असेल तर सहा धडधाकट माणसं आधी बघून ठेव. नाहीतर जागेवरच ढाळ.

रेती गाढवी नदीची असो की कुठली, मूठभर घेऊन तळहातावर चोळ. हात मळला तर रेतीत माती आहे. खात्री करायची तर काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलव आणि रात्रभर ठेव. माती वर वेगळा थर धरून बसते. थर जाड दिसला तर रेती धुऊन घे. आणखी एक गोष्ट, रेतीवाला सांगणार नाही. थोडी ओलसर रेती फुगते, कोरड्या रेतीपेक्षा पाव हिश्शानं जास्त दिसू शकते. म्हणजे ओल्या रेतीचं दीड घमेलं हे खरं दीड नसतं. कोरडी करून मोज, नाहीतर किंचित जास्त घे.

सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांवरचं घेऊ नको. पोत्यात हात घाल, आत गार लागलं पाहिजे, चिमटीत पीठ लागलं पाहिजे. गुठळ्या असतील आणि त्या बोटांनी फुटत नसतील तर ते पोतं कोंबड्यांच्या खुराड्याला वापर. पावसाळ्यात पोती जमिनीला, भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, खाली फळ्या घालतात. आपल्याकडची हवा आषाढ-श्रावणात काय असते ते तुला माहीत आहे, पापड सुद्धा दोन दिवसांत नरम पडतो.

उंची मात्र मिस्त्रीला ठरवू देऊ नको. तो एकच माप घेऊन गावभर फिरतो. तू स्वतः भिंतीला उभी राहा, हात कोपरात दुमड आणि कोपराच्या खाली चार-पाच इंचांवर कोळशानं रेघ मार. कणीक मळायला, भाजी चिरायला ती उंची. गॅसची शेगडी स्वतःच चार इंच वर येते, म्हणून शेगडीखालचा तुकडा तेवढा खाली घेतला तर खांदे दुखत नाहीत. दगडी ओट्यात ही पायरी कुणी करून देत नाही. सिमेंटमध्ये फर्म्याची फळी खाली ठोकली की झालं. सिमेंटचा ओटा करायचाच तर त्याचे असे फायदे घे, नाहीतर करायचा कशाला?

ओट्याखाली दर अडीच-तीन फुटांवर विटेची आडवी भिंत घाल. पुढे इंचभर बाहेर काढ, पाय आत गेले पाहिजेत. बेसिनकडे दर फुटाला एक सूत उतार दे. त्याहून जास्त दिलास तर वाटीतलं तेल एका बाजूला जमेल. आणि पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला, काठापासून बोटभर आत, लांबभर एक खाच सोडायला सांग. फर्म्यात तेवढ्या जागी दोरी किंवा बारीक पट्टी ठोकली की खाच पडते. वरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून टपकतं. खाच नसेल तर ते खालच्या बाजूनं सरपटत मागे जातं, विटा ओल्या राहतात, आणि ओट्याखालच्या तांदळाच्या डब्यांना बुरशी येते.

सळईबद्दल नीट ऐक. स्लॅबची उरलेली ८ एमएमची सळई मिस्त्री ओट्यात घालू बघेल. आडवी-उभी एकमेकीवर पडली की १६ एमएम झाली. वर-खाली सिमेंटचं आवरण पाऊण-पाऊण इंच पाहिजे. ते दोन इंचांत बसतच नाही. मग सळई वरच्या तोंडाला येते, दोन-चार वर्षांत गंजते, गंजलं लोखंड फुगतं आणि ओट्याची खपली उडते. ओट्यावर तांबूस रेघ उमटली आणि ती धुऊन जात नसेल तर समज की सळई वर आली आहे. त्यापेक्षा ६ एमएमची सळई किंवा तयार वेल्ड केलेली जाळी घ्यायची, मधोमध ठेवायची, आणि खाली तिला उचलून धरायला सिमेंटचेच छोटे ठोकळे आदल्या आठवड्यात करून ठेवायचे. विटेचे तुकडे नको, वीट पाणी पिते.

बेसिनचं भोक हा ओट्याचा सगळ्यात कच्चा भाग. भेग नेहमी भोकाच्या कोपऱ्यातून निघते आणि जवळच्या काठाकडे धावते. म्हणून भोकाचे कोपरे काटकोनात ठेवू नको, गोल करून घे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर हातभर सळईचा तुकडा तिरपा टाकायला लाव. भोकासाठी थर्माकोल कापून फर्म्यात बसवतात, नंतर कोरून काढतात. भोक आणि पुढचा काठ यांच्यामध्ये चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे.

तुझा इंजिनिअर भाऊ म्हणतो, सळईच घालू नको, कोंबडी जाळीचे दोन-तीन थर घालून इंचभर जाडीचा फेरोसिमेंटचा ओटा कर. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लाम्बोनं १८४८ साली तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी केली होती म्हणे, आणि ती पाण्यावर चालली. होडी चालली असेल तर ओटाही चालेल, वजनही निम्मं होईल. त्याला गिट्टी नको, एकाला दोन रेतीचा गिलावा जाळीच्या आरपार दाबून भरावा लागतो. पण तो दाबणारा हात मुरलेला पाहिजे. असा मिस्त्री मिळाला तर जरूर कर.

माल पडला की फर्म्याच्या फळ्यांवर बाहेरून हातोडीनं हलक्या हातानं ठोकत राहा, बुडबुडे वर येतात. मग लाकडी रंध्यानं सारखं करायचं आणि थांबायचं. वर आलेलं पाणी जिरू द्यायचं. या वेळी मिस्त्री हमखास कोरडं सिमेंट वर भुरभुरवतो, पाणी शोषायला आणि चकाकी यायला. तिथं उभी राहा आणि हात धर. असल्या सिमेंटची वरची साय वेगळी वाळते, महिन्याभरात तिच्यावर केसासारख्या भेगांची जाळी दिसते आणि कपड्यानं पुसलं की पांढरी भुकटी निघते. पाणी आपोआप जिरलं, बोट दाबल्यावर हलकासा ठसा उमटू लागला, की पोलादी थापीनं घोटायचं. पुन्हा थांबून पुन्हा घोटायचं. आपल्या जुन्या घरांतला घोटीव लाल कोबा असाच व्हायचा. तुलाही लाल हवा असेल तर रंग सिमेंटच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका आणि कोरड्या सिमेंटमध्येच मिसळून घे. जास्त रंग घातल्यानं लाली वाढत नाही, ओटा कच्चा होतो.

हातमोजे घाल. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी कळतं. आम्ही रेजा बायांनी बोटांच्या बेचक्यांतल्या जखमांना खोबरेल लावून दिवस काढले. कुणी कौतुकानं ते सांगत असेल तर ऐकून घेऊ नको. हाताला लागलं की भरपूर पाण्यानं धुवायचं.

आता तराई. तयार होईपर्यंत ज्या ओट्याला पाणी कमी द्यायचं, त्यालाच झाल्यावर पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि लोक नेमकं उलटं करतात. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी मिळून घट्ट होतं. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राख मिसळलेलं असतं, तिरोड्यासारख्या औष्णिक वीज केंद्रांतून निघते तसली बारीक राख. पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असतं. वाईट नसतं, उलट पुढे चांगलं मुरतं. पण सावकाश मुरतं. सरकारी मानक आयएस ४५६ अशा सिमेंटला निदान १० दिवस, आणि कोरड्या उन्हाळी हवेत १४ दिवस ओलं ठेवायला सांगतं. मिस्त्री सांगेल तीन दिवस पुरे. त्याला पुढच्या घरी जायचं असतं.

पाणी शिंपडणं ही तराई नव्हे. तासाभरात वाळतं. चारी कडेला चिकणमातीची बोटभर पाळ घाल आणि पाणी साचवून ठेव. पाळ घालून पाणी धरणं आपल्या भागात शिकवावं लागत नाही. कोहळी समाजानं नवेगावबांधचा तलाव तसाच धरला, आणि प्रत्येक धानाच्या बांधीत आपण दरसाल तेच करतो. उतारामुळे एका टोकाला पाणी टिकत नसेल तर तिथं जुनी सुती लुगडी ओली करून पसर आणि वरून प्लास्टिक टाक. तणीस थेट ओट्यावर घालू नको, पिवळट डाग राहतात. सागाची पानं तर अजिबात नको. सागाच्या पानाचा लाल रस नव्या सिमेंटवर उतरला की तो पाहुण्यांना कायमचा दिसत राहतो. नवा गोणपाटही आधी धुऊन घे.

खालचे टेकू दहा दिवस काढू नको. मे महिन्यात ओटा ढाळायचाच नाही. ढाळावाच लागला तर संध्याकाळी उन्हं कलल्यावर. धान घरात आल्यावरचे दिवस सगळ्यांत बरे, माणसंही मोकळी असतात. थंडीत सिमेंट सावकाश जमतं, म्हणून कडेचा फर्मा एक-दोन दिवस उशिरा सोडायचा.

महिनाभर ओटा मुरला की त्याला तेल पाजायचं. त्याआधी गुळगुळीत हवा असेल तर फरशी पॉलिशवाल्याकडून घासून घे, पण पाणी टाकत टाकत. कोरडं घासताना उडणारी धूळ छातीत बसते आणि निघत नाही. लहान पोरांना तेव्हा घराबाहेर काढ. तेल जवसाचंच. धान उभं असतानाच बांधीत आपण उतेरा टाकतो त्याच जवसाचं. ते हवेवर वाळून घट्ट पापुद्रा धरतं. शेंगदाण्याचं किंवा मोहाच्या टोळीचं तेल वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि खवट वास मारतं. जवसाचं तेल अगदी पातळ लावायचं, अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून टाकायचं, तीन-चार दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा हात. असे तीन हात पुरतात. ओटा त्यानं गडद होतो, ते आवडत नसेल तर आधी कोपऱ्यात लावून बघ. पेंटच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल लवकर वाळतं, पण त्यात औषधं असतात, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत त्यावर अन्न ठेवायचं नाही.

आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. हे ऐकायला खोटं वाटतं, पण खरं आहे. चिंध्या पाण्यात बुडव किंवा अंगणात पसरून वाळव.

तेल पाजलं तरी आंबटापासून ओट्याला जप. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि आंबट चुन्याला खातं. लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, ताक, टोमॅटोचा रस, काहीही सांडलं की लगेच पुसायचं. रात्रभर राहिलं तर तिथं खरखरीत फिकट वर्तुळ पडतं. तो डाग नाही, ओट्याची झीज आहे, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही. सगळ्यांत जास्त नुकसान होतं बेसिनच्या शेजारी, तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं घासताना. ते काम अंगणात ने. संडास धुवायचं आम्ल ओट्याजवळ आणूच नको. बायका म्हणतात कडप्पा बरा. कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे, त्यालाही लिंबू लागतं. काळा असतो म्हणून डाग उलटा पांढरा दिसतो, एवढाच फरक.

हळदीचा डाग उन्हानं फिकट होतो. खिडकीजवळ असेल तर काही दिवसांनी आपोआप जातो, त्याच्यामागे लागू नको. तेलाच्या डागावर खायचा सोडा आणि पाण्याचा जाड लेप लावून वर प्लास्टिक ठेव, सकाळी काढ. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा करावं लागतं. ओला लोखंडी तवा ओट्यावर पालथा घालू नको, गंजाचं कडं उमटतं. गरम कढईनं सिमेंट जळत नाही, पण तेलाचा थर करपतो, आणि एकाच जागी रोज तापलं-निवलं की बारीक तडे जातात. लोखंडी कडं किंवा लाकडी पाटी ठेव. चिरायला पाट घे. सिमेंटवर सुरी फिरवली तर सुरी बोथट होते आणि ओटा ओरखडतो, दोघांचंही नुकसान. मिरची कुटायची तर उखळ जमिनीवर. ओट्यावर खलबत्ता वापरावाच लागला तर खालच्या भिंतीच्या बरोबर वर ठेव, दोन भिंतींच्या मधल्या अधांतरी जागेवर नाही. फडताळावरचा डबा काढायला पुढच्या काठावर चढून उभं राहायचं नाही, हे घरातल्या पुरुषांनाही सांग.

अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघ. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल शाबूत आहे. पाच मिनिटांत खाली काळपट उमटलं तर पुन्हा एक हात द्यायची वेळ झाली. केसाएवढ्या भेगांना घाबरू नको, त्या येतातच. नख अडकेल एवढी भेग असेल तर सिमेंटची पातळ लापशी बोटानं भरून घे. भेग दर महिन्याला वाढत असेल तर खालची भिंत खचली आहे, वरून मलम लावून काही होणार नाही.

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असशील तर उभाच ठेव, शेगडी त्याच्यापेक्षा वर असली पाहिजे, आणि ओट्याखालच्या पल्ल्याला अगदी जमिनीलगत जाळी ठेव. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वर खिडकी आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

तू मोबाइलवर ते राखाडी ओटे दाखवलेस. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फु-टुंग चेंग नावाच्या माणसानं १९८५ मध्ये असला ओटा केला आणि पुढे त्याची फॅशनच झाली, आता मोठ्या शहरांतले लोक त्याला ग्रॅनाइटपेक्षा जास्त पैसे मोजतात. ते त्यांचं त्यांना लखलाभ. तुझं सांगते. ओटा सरळ असेल, अर्जुनीहून फरशी नीट आणता येत असेल, आणि घरात सांडलेलं लगेच पुसणारं कुणी नसेल तर ग्रॅनाइट घे. त्याला लिंबू लागत नाही, तेल पाजावं लागत नाही. कोपरा वाकडा असेल, दोन उंच्या हव्या असतील आणि १४ दिवस तराई करायची तयारी असेल तर सिमेंटचा कर. मागच्या अंगणातला भांडी घासायचा ओटा मात्र डोळे झाकून सिमेंटचाच कर, आणि मिस्त्रीला कामाच्या आदल्या दिवशीच सांगून ठेव की पाणी तू मोजून देणार आहेस.